चौथी लादी

४ मार्च, सोमवार

मिस्त्री! मला मिस्त्री म्हणाली!

घरमालकीण बाईंसमोर, वायरमनसमोर, माझ्या जोडीदारासमोर. "मिस्त्री, भिंतीचा डावा कोपरा दोन सूत बाहेर आलाय. परत मोजा." पोटची पोर! सव्वीस वर्षं जिच्या तोंडून बाबा ऐकलं, ती वहीतून मान वर न करता सांगते, परत मोजा. जोडीदार खाली बघून सिमेंट कालवत राहिला. कालवून झालं होतं तरी.

परत मोजलं. दोन सूतच बाहेर होता. त्यानं तर डोकं आणखी फिरलं.

बोलावलं तिनंच. ती आता लोकांची घरं आतून सजवून देते – कुठे कसला दगड, कुठे कसला दिवा, सगळं कागदावर काढून. घरी आली तेव्हा काय गोड बोलली! "बाबा, ऑनिक्स दगडाची भिंत आहे. तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देऊ?" मी पाघळलो. त्या घराची फरशी मीच घासली. पांढरा संगमरवर, असा की वाकलं तर स्वतःच्या नाकातले केस दिसावेत. तेव्हा ती दुसऱ्या कामावर होती म्हणून सुखात होतो.

५ मार्च

संध्याकाळी विचारलंच. "बापाची लाज वाटते का?"

"तसं नाही हो बाबा. कामावर काम."

संपलं! दोन शब्दांत बाप निकालात!

मी आवाज चढवला. आमची ही आतून धावत आली. "अहो, हळू. भिंतींना कान असतात."

"असू देत! माझ्याच हातच्या आहेत!"

मुलगी हसली. हसायचं काय होतं त्यात? जेवलो नाही. नंतर भूक लागली, तेव्हा उठून डबे उघडणंही बरं दिसेना.

६ मार्च

अबोला. मीठ पाहिजे असलं तरी हिच्यामार्फत. ही म्हणाली, "मी काय टपालपेटी आहे का तुम्हा दोघांची?"

७ मार्च, गुरुवार

लाद्या आल्या. राग आहे तो आहे, पण दगडाबद्दल खोटं लिहिणार नाही. बत्तीस वर्षांत असा ऑनिक्स हाताखालून गेला नाही. मधाच्या रंगाचा, आत तपकिरी शिरा, कुठे दुधाळ ढग. एकाच दगडातून कापलेल्या चार लाद्या. पुस्तकाची पानं उघडावीत तशा शेजारी लावल्या की एकीची शीर दुसरीत जाते. वायरमननं मागे दिवा धरला आणि अख्खी लादी आतून पेटली. बाईंनी तर लगेच फोन काढून फोटो घेतला. याच बाईंना स्वयंपाकघराच्या ओट्यालाही संगमरवर हवा होता. मी सांगितलं होतं, लिंबू सांडलं की पॉलिश खातं ते, मग रडत बसाल.

ऑनिक्स दिसतो राजासारखा, पण आहे काचेसारखा. टिचकी मारून पाहिलं. तीन खणखणीत वाजल्या. चौथी एका कडेला जरा बद्द.

हे मी सांगायच्या आत तीच म्हणाली, "मिस्त्री, चौथी नाजूक आहे. चौघं लावा. रबरी पकडी घ्या. दोघांत उचलू नका."

मला! दगड कसा उचलायचा ते मला! तिचं शिक्षण याच दोन हातांनी दगड उचलून झालं, आणि आता हे हातच शिकायला बसवते! बाई बाजूला उभ्या राहून मान डोलावतायत. मी "बरं" म्हटलं. दात आवळून.

तिच्यादेखत चौघांनी मिळून तीन लाद्या चढवल्या. सुईचं टोक जाणार नाही असे सांधे बसले. ती वाकून बघत होती. "छान." एवढंच. अनोळखी माणसाला म्हणावं तसं.

८ मार्च, शुक्रवार

फुटली.

सकाळी ती आली नव्हती. लादी धरणारी बाकीची माणसं यायला वेळ होता. जोडीदार म्हणाला, "थांबू या की. ताई म्हणाल्यात चौघं लावा." ताई म्हणाल्यात! ताई! म्हटलं, धर तू तिकडून. आल्यावर बघू दे तिला, मिस्त्री काय चीज आहे.

कमरेपर्यंत आणली. मग उजवा हात गेला. म्हणजे जागेवर होता, पण माझा नव्हता. बोटं पांढरी, सुन्न. दोन महिने झाले असं होतंय, ग्राइंडर धरून धरून. कुणाला बोललो नाही. हिलासुद्धा नाही. आणि आज ऐन वेळी! लादी कडेवर टेकली आणि आडवी मोडली. आवाजही मोठा झाला नाही.

तेवढ्यात मुलगी दारात पोचली, तुकडे बघून धावत आली. काय झालं? मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "पायात वायर आली."

वायर भिंतीच्या कडेला होती. माझ्यापासून चार हात लांब.

वायरमन आतल्या खोलीतून बाहेर आला, म्हणाला, "ताई, मी तर सकाळीच गुंडाळून–" तिनं त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "मिस्त्री सांगतायत म्हणजे तसंच असणार. उद्यापासून तुम्ही येऊ नका."

एवढा विश्वास! मिस्त्री म्हणून! अगं, विचार ना मला दुसऱ्यांदा. जोडीदाराला विचार. एकदा तरी डोळ्यांत बघून विचारलं असतंस, तर खोटं टिकलं नसतं.

जोडीदार दिवसभर माझ्याशी बोलला नाही. हा दुसरा अबोला.

तशी शीर दुसऱ्या दगडात मिळणार नाही. चार पानांच्या पुस्तकाचं एक पान फाटलं. मीच फाडलं.

९ मार्च

वायरमन आज हत्यारं न्यायला आला होता. चाळिशीचा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पिशवी भरली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मिस्त्री, वायर कडेला होती ना हो? तुम्ही पाहिली होती ना?"

भांडला असता तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या, कॉलर धरली असती, तर मलाही चार शब्द सुचले असते. नुसतं विचारलं!

मी पॉलिशचं मशीन सुरू केलं. फरशीचा तो तुकडा कधीचाच चकचकीत होता. तोच घासत राहिलो, वायरमन जाईपर्यंत. थू माझ्या जिनगानीवर!

१० मार्च, रविवार

हिला हात दाखवला. बोटं दाबून पाहिली तिनं, एकेक. म्हणाली, "दोन महिने? आणि मी काय शेजारीण आहे?" मग वायरमनचंही सांगितलं. ती उठून कपडे वाळत घालायला गेली. आज घरात माझ्याशी बोलणारं कुणीच नाही, आणि ते बरोबरच आहे.

हात गेला की मिस्त्री कसला? याच भीतीनं गप्प बसलो. पण त्या माणसाचे दोन्ही हात धड असून तो घरी बसलाय. माझ्यामुळे!

११ मार्च, सोमवार

सकाळी मुलगी यायच्या आधीच बाईंना गाठलं. सगळं सांगितलं – दोघांत उचलली ते, हात, वायर. बाईंनी आधी वायरमनला फोन लावला, माझ्यासमोर. ये म्हणाल्या. मग मी म्हटलं, "अजून एक लपवलंय. तुमचं हे काम बघते ना, ती माझी मुलगी."

बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे की! पहिल्याच दिवशी सांगितलं तिनं, केवढ्या ऐटीत! म्हणाली, पण इथं मी त्यांना मिस्त्रीच म्हणेन हं. एकदा बाबा म्हटलं, की त्यांची चूक दाखवायला माझी जीभच उचलत नाही."