घट्ट मोजे

मंगळवार, पेण

पोटाची चरबी काढायचं ऑपरेशन केलं आणि रोह्याच्या ताईला सांगितलं, हर्नियाचं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी पायांत घट्ट मोजे घालून रोज चालायला सांगितलं होतं. ताई सेवेला आली. मोजे बघून विचारेल, म्हणून ते कपाटात लपवले नि आजाऱ्यासारखी पडून राहिले. साधे मोजे, तेही लपवले मी! पोटरी सुजली, तर बिचारी तेल लावून चोळत बसली.

आज डॉक्टर म्हणाले, "गुठळी झालीय. चोळलंत कशाला? फुफ्फुसात गेली असती."

ताई रडायला लागली. तिथेही दोष तिच्यावरच जाऊ दिला मी. का?

घरी येऊन अखेर खरं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या हर्नियासाठी मी सोमवार धरले व्हते गो."