दसऱ्याचं तेल

बाबा, तुमची पांढरी गाडी मी विकायला काढली होती. रागावू नका, आधी पूर्ण ऐका, अर्धं ऐकून उठायची तुम्हाला फार सवय होती. गाडीचा एक्सिलेटर जड झाला होता. सुरुवातीला नुसता घट्ट वाटायचा, मग दरवर्षी वाढतच गेला, आणि या उन्हाळ्यात तर बडनेऱ्याच्या पुलावर चढताना मला सीटवरून पुढं सरकून पायावर सगळं अंग टाकावं लागत होतं. घरी आले की पोटरीत गोळे, तळवा बधिर. एकसष्ट वर्षांची बाई, मी सरळ माझ्या पायालाच दोष दिला. डॉक्टरांनीही गुडघ्याचा फोटो उजेडात धरून तेच सांगितलं. हैदराबादहून मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आता गाडी कशाला हवी तुला? कुठं जायचं असलं तर रिक्षा कर." कुठं जायचं असलं तर. त्याला काय सांगणार, कपाळ माझं.

तुम्हाला म्हणून सांगते, मला कुठंच जायचं नसतं. तुमचे जावई गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून महिन्यातून दोनदा मी अमरावतीहून निघते आणि अकोल्याला जाते. अकोल्यात आता आपलं कोणी राहिलेलं नाही. मूर्तिजापूरला चहा घेते, अकोल्यात तुम्ही फिटर होता त्या कापसाच्या जिनिंगवरून एक चक्कर मारते, तिथं आता मंगल कार्यालय झालंय, मग बाजारातून अमरावतीतही मिळते तीच भाजी घेते आणि परत फिरते. शेजारीण विचारते, काय काम काढलं होतं? मी म्हणते, बँकेचं. बत्तीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोला म्हणून डोकं पिकवलं आणि आता ही थापाडी झाले. पण त्या दिवशी निदान मी दाराच्या बेलकडे कान लावून बसलेली नसते. गाडी गेली की एवढंही जाणार होतं, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

वरूडचा एक संत्र्याचा व्यापारी बायकोला शिकायला म्हणून गाडी बघायला आला. कॉलनीतून एक फेरी मारून उतरला आणि म्हणाला, "म्याडम, गाडी जपली तुमी, पन हे एक्सिलेटर हाये का रहाटाचं पायटं? दाबता दाबता पाय भरून आला. एवढं पाहून घ्या, मंग रविवारी नेतो." मी बरं म्हणाले. त्याच आठवड्यात, शेवटचं म्हणून, अकोल्याला निघाले.

ही गाडी मी तुमच्याकडूनच शिकले, हे मी कुणाला फारसं सांगत नाही. रिटायर झाल्यावर तुम्ही ती जुनीच घेतलीत आणि तिला जिनिंगच्या मशीनसारखं वागवायला लागलात. मला शेजारी बसून सांगायचात, "टाच खाली टेकव. नुसत्या पंजानं दाब. काहून एवढी घाई करून राहिली? गाडी बोलते, आयकत जाय." एकदा आपण सगळे अमरावतीला निघालोय. मी चालवते आहे, तुम्ही शेजारी, हे मागे. मूर्तिजापूरच्या अलीकडे रेल्वे फाटक लागतं, उघडतं, मागून ट्रकवाले हॉर्न मारतात आणि माझ्या पायाखाली गाडी एकदा, दोनदा, तीनदा बंद पडते. चौथ्यांदा मी घाबरून एक्सिलेटर पार खाली दाबते आणि इंजिन किंचाळतं. तुम्ही हात पुढं करून किल्ली काढून घेता. "उतर. तुले नाही जमत. जावई, तुमी बसा समोर." मी खाली उतरते. फाटकवाला बघतो, ट्रकवाले बघतात. मी मागे जाऊन बसते आणि अमरावती येईपर्यंत बाहेर कापसाच्या पऱ्हाटीकडे बघत राहते. सदतीस वर्षांची होते मी, दोन इयत्तांची वर्गशिक्षिका. ते माझ्या फार जिव्हारी लागलं. त्यानंतर मी तुमच्याशी बोलले, पण कामापुरतंच. तुम्हाला ते कळलं होतं का, मला अजून माहीत नाही. मी कळू दिलं होतं एवढं खरं.

चार वर्षांनी तुम्ही स्वतः गाडी चालवत आमच्याकडे आलात. मी कणीक मळत होते. तुम्ही किल्ली ओट्यावर, तेलाच्या बरणीशेजारी ठेवलीत. "घे. आता मायाच पाय नाही चालत." बस, एवढंच. मी काय करायला हवं होतं, बाबा? मी हात धुतले आणि चहा टाकला. तुम्ही तो घेतलात, साखर कमी आहे म्हणालात, आणि दुपारच्या एसटीनं अकोल्याला गेलात.

मग दरवर्षी दसऱ्याला तुम्ही सकाळच्या गाडीनं यायचात. जिनिंगमध्ये तुमचा नियम होता, आधी मशीनला तेल, मग फूल. फुलानं मशीन चालत नाही म्हणायचात. तेच तुम्ही अंगणात करायचात. पिशवीतून आई जिच्यात जवसाचं तेल ठेवायची ती हिरवी बाटली काढायचात, तोंडाला चिंधी बांधलेली. बॉनेट उघडून, एक्सिलेटरच्या केबलचं वरचं टोक सोडून, त्यात थेंब थेंब तेल सोडायचात आणि खाली बसून हातानं पेडल हलवायचात. चांगला अर्धा तास चालायचं ते. मग झेंडूचा हार. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. पुरण गॅसवर आहे, हलता येत नाही, असं स्वतःला सांगायचे. पुरणाला एवढा वेळ लागत नाही.

तुम्ही गेलात त्या वर्षीच्या दसऱ्याला मी ठरवलं, हे आपण मोडायचं नाही. ती हिरवी बाटली काही सापडली नाही. मी नवी आणली. धामणगावला एक घाणा आहे, तिथून ताजं जवसाचं तेल आणायचे, तुमच्यासाठी काही कमी नको म्हणून. बॉनेट उघडायचे, केबल सोडायचे, एक चमचा ओतायचे. पेडल जड वाटायला लागलं तसा मी दुसरा चमचा वाढवला. मागच्या दोन वर्षी तर तीन ओतले. हात जोडून उभी राहायचे आणि खरंच वाटायचं, या एका गोष्टीत तरी आपण बाबांचं ऐकलं.

अकोल्यात तुमच्या जिनिंगच्या जागेसमोरच एक मेकॅनिक आहे, पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं केबल ओढून काढली तर आतली तार निघेचना. पक्कडीनं ओढली तेव्हा ती तपकिरी, चकचकीत, दारांना वार्निश मारतात तशी. त्यानं नखानं खरवडून वास घेतला. "म्याडम, हे जवसाचं तेल हाये. माया बाप रंगारी होता, दारायले लावे हे. वाळलं का लाखेवानी घट्ट होते. भाकरीवर खायाचं तेल हे, केबलमंदी कोनं टाकलं?"

बाबा, इथं मला थांबायला हवं होतं. मी म्हणाले, "माझे वडील टाकायचे."

तो म्हणाला, "काय करत होते ते?" मी सांगितलं, इथंच समोर फिटर होते. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसला. वाईट नव्हता हसला, पण हसला. "फिटर असून असं? म्हातारपनी ध्यानात नसन येत त्यायच्या." आणि मी मान हलवली. मीही थोडी हसले. जिथं तुम्ही तीस वर्षं नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखत होता, त्याच रस्त्याच्या कडेला उभी राहून.

नवी केबल वीस मिनिटांत बसली. पेडल इतकं हलकं की निघताना मी सवयीनं जोरात दाबलं आणि गाडी उसळून समोरच्या हातगाडीपर्यंत गेली. मेकॅनिक ओरडला, "आस्ते, म्याडम." बोरगाव मंजूपर्यंत मला टाच टेकवून पाय आवरायला शिकावं लागलं, एकसष्टाव्या वर्षी. माझ्या पायाला काहीही झालेलं नाही. मूर्तिजापूरला मी चहाला उतरले, वरूडच्या माणसाला फोन करून सांगितलं की गाडी देत नाही, आणि मग मला फार आनंद झाला आणि लगेच रडूही आलं, कारण ही गोष्ट ज्याला कळेल असं एकच माणूस होतं. चहावाल्यानं न मागता पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

हे सगळं होऊन आठ दिवस झाले. जेवताना, भांडी लावताना मला तुमच्यावर हसलेला तो माणूस दिसतो. शेवटी आज सकाळी त्याला फोन केला. म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोलले. जवसाचं तेल वडिलांनी नाही, मीच टाकत होते, बारा वर्षं. त्यांच्या वेळी पेडल लोण्यासारखं चालायचं." तो म्हणाला, "मले बी नवल वाटलं होतं, फिटर मानूस असं करन कसा. मंग ते कोनतं टाकत होते, म्याडम? नव्या केबलले बी तेच टाकू."

बाबा, खिडकीपासून गाडीपर्यंत दहा पावलंही नव्हती. इतके दसरे तुम्ही ती बाटली घेऊन अंगणात बसलात आणि तिच्यात काय आहे हे मी एकदाही येऊन विचारलं नाही.

मी त्याला म्हणाले, "विचारून सांगते."

तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. म्हणून हे लिहायला बसले.