ह्यांच्या रेषेखाली चार बोटं

१९ ऑगस्ट, सोमवार

पाच दिवसांनी घरात. दार उघडेना — आतून चिखलानं धरून ठेवलेलं. खांदा लावला तेव्हा जेमतेम अंग शिरेल एवढं उघडलं. वास असा, की आधी बाहेरच आले.

पुन्हा आत. स्वयंपाकघर पाहिलं नाही, कपाट पाहिलं नाही. सरळ आतल्या खोलीत, भिंतीपाशी.

आहे! ह्यांची रेषा आहे. पाणी तिच्याखाली चार बोटांवर थांबलं. चिखलाची तपकिरी कड, मग चार बोटं पांढरी भिंत, मग ह्यांची पेन्सिल. तारीख, आणि पुढे 'वर्दी २'. अक्षर न् अक्षर जागेवर.

बाकी सगळं गेलं. जाऊ दे.

२० ऑगस्ट

चिखल. दुसरं काही नाही. किती घमेली काढली देव जाणे. कंबर गेली कामातून.

२२ ऑगस्ट, गुरुवार

काल बोटं मिटत नव्हती, म्हणून लिहिलं नाही.

हे तळ्याच्या दरवाजांवर पाणी मोजायचे. बत्तीस वर्षं. पट्टीवरचा आकडा बघायचा, वहीत चढवायचा, धोक्याच्या खुणेला लागला की कचेरीत फोनवरून वर्दी द्यायची. मग कचेरी भोंगा वाजवणार आणि नदीकाठची माणसं उठणार. घरात पाणी शिरून गेलं की हे आतल्या भिंतीवर रेषा मारायचे — पाणी कुठवर आलं, कोणत्या तारखेला, वर्दी किती वाजता दिली. अशा पाच रेषा. सगळ्यात वरची अकरा वर्षांपूर्वीची.

त्या पुरात शेजारच्या नावाड्याची बायको गेली. अंथरुणातच. नावाडी होडी बांधायला घाटावर गेला होता. भोंगा झाला सव्वाचारला. हे म्हणाले, मी वर्दी दोनला दिली. कचेरी म्हणाली, फोन आलाच चारला. चौकशी झाली, 'दोष निश्चित करता येत नाही' असं पत्र आलं. गल्लीनं मात्र तेवढ्यात निश्चित करून टाकला! नळावर बायका मला ऐकू येईल असं बोलायच्या — "झोपला असेल मेला."

मी भांडले. कुणाकुणाशी नाही भांडले! "या माझ्या घरी, भिंत बघा, खोटं बोलायचं तर माणूस स्वतःच्या घरात लिहून ठेवेल का?" म्हणायचे. कुणी आलं नाही बघायला.

नावाडी आधी रोज यायचा. ह्यांना 'दादा', मला 'वहिनी'. त्या पुरानंतर बोलणं बंद. मी समोरून आले की रस्ता ओलांडायचा. हे गेले त्याला तीन वर्षं होतील. त्या दिवशीही कोपऱ्यावर उभा राहिला, दारात आला नाही. आणि आता परवा, चौदा तारखेला, गच्चीवरून मला होडीत उतरवून घेणारा तोच! मनगट घट्ट धरून. मी "भाऊजी" म्हणाले, तर वल्ह्याकडे बघत राहिला.

एवढा राग अकरा वर्षं कसा टिकवतो माणूस?

२४ ऑगस्ट, शनिवार

घरं सुकवून देणाऱ्यांची बाई आली. मी तिला मनात ओलवाली म्हणते. हातात मुठीएवढं यंत्र, त्याला दोन सुया. भिंतीत टोचते आणि आकडा वाचते. डॉक्टरीणबाई आपल्याला टोचते तशी. बाहेरची खोली २४. स्वयंपाकघर २६. आतली भिंत ३४.

"काकू, सोळाच्या खाली आली की सुकली समजायची."

"पण ही तर वरून कोरडी लागतेय हाताला."

"हाताला काय कळतंय! भिंत बाहेरून आधी सुकते. आतलं पाणी शेवटी निघतं."

एक मोठं यंत्र लावून गेली. हवेतली ओल ओढून घेतं आणि बादलीत सोडतं. दिवसभर घरघर. संध्याकाळी बादली काठोकाठ! घरात कुठे पाण्याचा थेंब दिसत नव्हता, आणि हे एवढं निघालं.

२६ ऑगस्ट

गवंडी आला. आतली भिंत बोटानं वाजवली. "मावशी, कडेच्या वर वीतभर गिलावा काढावा लागणार. भिजलेला ठेवला तर बुरशी धरेल."

वीतभर म्हणजे रेषा गेली. मी म्हटलं, हात लावायचा नाही.

"भिंतच आहे ना? का नवरा आहे, कुणी हात लावला तर चालत नाही?" म्हणाला आणि स्वतःच जीभ चावली. मग कितीतरी वेळ थापी पुसत बसला.

ओलवालीनं तोडगा काढला. यंत्र अकरा सप्टेंबरला दुसऱ्या घरी जायचंय. तोवर भिंत सोळाच्या खाली आली, तर फोडायची नाही. नाही आली, तर फोडायची.

म्हणजे सोळा दिवस.

२७ ऑगस्ट

लेकीचा फोन. सगळं सांगितलं. "फोटो काढून ठेव ना आई. भिंत आहे ती. बाबा नाहीत."

माहीत आहे मला.

२९ ऑगस्ट

वाचनालयाचं पुस्तक भिजलं होतं. उन्हात ठेवलं लवकर सुकावं म्हणून, तर फुगून पाव झाला त्याचा! पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. वाचनालयातले गुरुजी म्हणाले, "बाई, सावलीत, वाऱ्यावर, एकेक पान सोडवत सुकवायचं असतं. घाई नडली." सातशे पानांचं होतं. तीनशे चाळीसवर आले होते मी.

मला वाचता येत नव्हतं हे आता कुणाला खरं वाटत नाही. चौकशीचं पत्र आलं तेव्हा हातात उलटं धरलं होतं मी. ह्यांनी वाचून दाखवलं. तेव्हाच ठरवलं, पुढचं पत्र आपण वाचायचं. उद्या कुणी ह्यांच्याविरुद्ध काही लिहून आणलं तर मला कळायला हवं. ह्यांना म्हटलं, शिकवा. "आता या वयात कशाला?" म्हणून उठून गेले. मग मी दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं लावत सुटले. पुड्यांचे कागद. औषधाच्या बाटल्या. वर्ष गेलं. घरातलं पहिलं वाचलं ते भिंतीवरचं — व, र, दी. वर्दी. दोन. केवढ्यानं ओरडले! हे दारात उभे होते. हसले नाहीत. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

३१ ऑगस्ट

आतली भिंत २७.

५ सप्टेंबर, गुरुवार

२१. उतरते आहे, पण मुंगीच्या पावलानं. ओलवाली म्हणाली, "जोर करू नका काकू. तिच्या चालीनं जाऊ दे."

तिचं काय जातंय!

आज दुपारी गल्लीत नावाडी दिसला. होडीला डांबर लावत होता. केस सगळे पांढरे झालेत. मी थांबले. त्यानं ब्रश डब्यात ठेवला, पुन्हा उचलला. मी पुढे निघाले.

६ सप्टेंबर

कोळशाची शेगडी पेटवून भिंतीपाशी ठेवली. यंत्राला जे जमेना ते शेगडी करील. ओलवालीला सांगायचं नाही. दार लोटून घेतलं. दिवसभर फुंकत बसले, डोळ्यांची आग आग. भिंत छान गरम लागते हाताला.

७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी आत गेले तर भिंतीला फोड आलेले. भाजल्यावर कातडीला येतात तसे. रेषेच्या आसपासचा चुना फुगून वर आलेला. मी बोट लावलं. लावायला नको होतं. पोळलेल्या सालीसारखा पापुद्रा निघून हातात आला. 'वर्दी २' माझ्या तळहातावर, आणि बघता बघता चुरा.

पुस्तकाचं केलं तेच केलं. माझ्या हातानं.

८ सप्टेंबर, रविवार

काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहिते. लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही.

पापुद्र्याखाली आणखी पापुद्रे. वर्षानुवर्षांचे चुन्याचे थर. ते सगळे एकदम निघाले, आणि त्यांच्याखाली काळी रेषा. पेन्सिलीची नव्हे, रंगाची. तळ्यावरच्या पट्टीचे आकडे रंगवायचा काळा तेलरंग असायचा ह्यांच्याकडे, तोच. तीच तारीख. आणि ह्यांच्या टपोऱ्या अक्षरात —

वर्दी ४. डोळा लागला.

मी हे आधी पाहिलंय! अकरा वर्षांपूर्वी चिखल काढून झाला त्या दिवशी हे ब्रश घेऊन भिंतीपाशी बसले होते. डबा मी धरला होता. विचारलंही, "काय लिहिलंत?" "पाण्याची उंची," म्हणाले. मला ती अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. पुढे वर्षभर ती रांग माझ्या डोळ्यांसमोर होती. तिच्याखाली मी जेवले, झोपले. तिच्याच जोरावर नळावर भांडून आले.

मग मी पाट्या वाचायला लागले. आणि त्याच वर्षी ह्यांनी त्या भिंतीला चुन्याचा हात दिला. स्वतः. "काळा रंग डोळ्यांत खुपतो, पेन्सिलीनं पुन्हा मारतो रेषा." पाचही मारल्या. त्यानंतर दर वर्षी चुना, दर वर्षी पेन्सिल. मजूर लावू म्हटलं की चिडायचे. शेवटच्या दुखण्याआधीही शिडीवर चढले होते. मी शिडी धरली होती.

जे मला वाचता येत नव्हतं ते खरं लिहिलं. वाचता यायला लागल्यावर खोटं.

विचारायचं कुणाला?

गवंडी दुपारी डोकावला. "मावशी, तेलरंगावर चुना दिला होता होय? तो कुठला धरतो त्याच्यावर! एवढी वर्षं राहिला हेच नवल." आणि पुढे आला बघायला. मी पटकन त्या अक्षरांना पाठ लावून उभी राहिले. पाठीला ओल लागत होती. तो गेला तरी तशीच उभी.

९ सप्टेंबर

जेवले नाही. बादली दोनदा ओतली.

१० सप्टेंबर

नावाड्याची बायको मला कुरळी म्हणायची. तेव्हा माझे केस कुरळे होते. तिच्या हाताला घाम यायचा म्हणून सुईत दोरा मी ओवून द्यायचे. या अकरा वर्षांत मी तिची अशी आठवण काढलीच नाही. तिचं नाव निघालं की मला फक्त ह्यांच्या बाजूनं भांडायचं असायचं.

११ सप्टेंबर, बुधवार

ओलवाली आली. सुया टोचल्या, आकडा बघितला, पुन्हा टोचल्या. "पंधरा! चुन्याच्या थरांनी दडपून ठेवलं होतं हिला. मोकळी झाली आणि सुकली. काकू, जिंकलात तुम्ही, नाही फोडायची भिंत." शेगडीची काजळी तिला दिसली असणार. यंत्र उचलून नेलं. घर एकदम गप्प झालं.

गवंडी म्हणाला, "मग चुना मारून देऊ? तेलरंग खरवडतो आधी, म्हणजे या खेपेला पक्का बसेल. तासाभरात अशी भिंत करतो, की कुणी म्हणणार नाही इथे काही होतं."

थापी, बालदी, चुना सगळं तयार. मी हो म्हणायचा अवकाश. हे गेले, चौकशी करणारे कचेरीतले साहेब गेले, वहीचे कागद कुठे असतील कोण जाणे. मी गप्प बसले तर ह्यांचं नाव आहे तसं राहील. लेकीचे बाबा आहेत तसे राहतील.

"उद्या ये," म्हटलं त्याला.

"उद्या दुसरं घर आहे मावशी."

"मग नको येऊस."

तो गेल्यावर तोंड धुतलं. पायांत चपला घातल्या आणि शेजारी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या उंबऱ्याशी. म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला माझ्या घरी काही दाखवायचंय. उद्या सकाळी या. नाही आलात तर मी इथे येऊन सांगेन, गल्लीला ऐकू जाईल असं."

त्यानं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

१२ सप्टेंबर

आला. आतल्या खोलीच्या दारापर्यंत आला, पण भिंतीकडे बघेना. मी म्हटलं, वाचा. तर खाली बघत म्हणाला, "मला माहीत आहे, वहिनी. दादानं तिसऱ्या दिवशीच येऊन सांगितलं होतं. माझ्या पायांवर डोकं ठेवलं. तुम्हाला कधी कळू द्यायचं नाही असं वचन घेतलं. तुमच्यासमोर आलो असतो तर तोंडातून गेलं असतं. म्हणून येत नव्हतो."

मी विचारलं, "म्हणजे माफ केलंत त्यांना?"

"नाही," म्हणाला. "वचन तेवढं पाळलं."

मग चहा घेतला त्यानं. मीही घेतला.