राजगुरूचा मृत्यू

३ फेब्रुवारी
आज मेलो. फार सुंदर मेलो. ‘सर्पदंती का खंजर’ या सिनेमातला राजगुरूचा, म्हणजे माझा, शेवटचा सीन. सरोजिनी नगरातल्या गोदामात पाताळ उभं केलं होतं. संवाद हिंदी, पण म्हटले चौथीतल्या वीररसाच्या कवितेच्या चालीत. डोळ्यांपुढे शाळा, कौलांवरून येणारं ऊन.
पडल्यावर पाय असुराला, म्हणजे आमच्या बँकेतल्या दत्तात्रयला, लागला. लहानपणची सवय, हात आपोआप नमस्काराला गेला. मेल्यानंतर. कुणी पाहिलं नसावं.

१९ मार्च
दत्तात्रयला डबिंगला बोलावलं, मला नाही. हा बँकेतही मॅनेजरच्या केबिनमध्ये समोसे घेऊन शिरायचा. म्हणजे माझा मृत्यू कापला जाणार.
निश्चय: दिग्दर्शक आर्यनला फोन करून खडसावणे.
सायं. ७. केला नाही. कलावंताने विनवू नये. शिवाय तो उचलत नाही.

६ मे
घरात काहीतरी शिजतंय. मी आलो की नात अवनी मोबाइल पालथा ठेवते. विचारलं, तर म्हणे, कुछ नहीं आजोबा, आपका फ़ॅन क्लब है. बायको सुलभा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात. खोकली की हसली, कळलं नाही.
दत्तात्रयने यांनाही फितवलं?

८ मे
उलगडा! सुलभाने विचारलं, परवा चौकातल्या सिनेमाच्या शोला शाल घ्याल की कोट? म्हणजे सत्कार आहे. गुप्त ठेवलाय.
भाषण पाठ करणे. शेवटी दुसऱ्या भागात राजगुरूच्या पुनर्जन्माची मागणी.

१० मे
हॉल भरलेला. पोरं माझ्यासारख्या कापसाच्या दाढ्या लावून आलेली; माझ्या मृत्यूची क्लिप म्हणे आधीच सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतेय. गहिवरलो.
पडद्यावर ड्रॅगनच्या पोटाची चेन उघडी, आतून स्लिपरा दिसतात. हशा. योग्यच.
मग माझा मृत्यू. कवितेच्या चालीतले संवाद सुरू झाले आणि हॉल चिडीचूप. मी पडलो. पाय लागला. हात वर गेला, आणि अख्ख्या हॉलने उभं राहून असुराला नमस्कार केला. वन्समोअर. शिट्ट्या. सर्वांत मोठं हसू सुलभाचं.
भाषण खिशातच राहिलं.
बाहेर आर्यनने मिठी मारली. अंकल, पार्ट टू में आप पक्के! पुनर्जन्म? विचारलं. नहीं नहीं, आप लाश ही रहेंगे. बस इस बार आपका पैर पूरी सेना को लगेगा.
विचार करून सांगतो, म्हटलं.
ऑटोत सुलभाला माझा पाय लागला. हात खिशात दाबून धरला. ती आणि अवनी, दोघी वाट बघत होत्या. आलमबाग येईपर्यंत कळ काढली, मग नमस्कार केलाच.
आरशातून ऑटोवाल्याने मला नमस्कार केला. मान टाकून, मेल्यासारखा.