बरणीतली रेघ

प्रिय चिंगे,

प्लास्टर अजून टोचतंय का? आई सांगत होती, तू आत पट्टी घालून खाजवतेस म्हणून. डॉक्टरांना कळलं तर ओरडतील. मला मात्र हसू आलं, कारण ती पट्टी माझी आहे, माझ्या कंपासपेटीतली. माझी सायकल, खिडकीजवळची माझी खाट, माझा निळा स्वेटर, सगळं एकेक करून तुझ्याकडे गेलं, तशी तीही गेली असणार. तू कधी काही हिसकावलं नाहीस, हीच तर पंचाईत. तू नुसती हसायचीस आणि लोक आपणहून द्यायचे.

विमानाचं वेडसुद्धा आधी माझंच होतं. कानाच्या तपासणीत नापास झाले आणि उडायचं राहिलं. त्याच विमानशाळेत विमानांच्या देखभालीच्या कामाला लागले. एका रविवारी हौसेने तुला हँगर दाखवायला नेलं, तर तू तिथल्या जुन्या विमानात जाऊन बसलीस ती उठेचनास. आठ वर्षं मी ग्रीसने माखलेले हात घेऊन घरी येते आहे. बाबा एकदाही म्हणाले नाहीत, चल, तुझं काम दाखव. तू शिकायला लागलीस आणि दुसऱ्याच महिन्यात ते शेजाऱ्यांना वाऱ्याची दिशा समजावून सांगायला लागले. मी जळले, चिंगे. तुझ्या विमानाची काच पुसतानासुद्धा जळत होते.

आता त्या सकाळचं. आधी दोन दिवस पाऊस झाला होता आणि तुझं विमान बाहेरच उभं होतं. टाकीच्या झाकणाचं रबर झिजलेलं होतं, हे नंतर कळलं. एकटीने जायची तुझी ती पहिली लांबची फेरी. नेहमीसारखं मी पंखाखालून टाकीच्या तळाचं इंधन काचेच्या बरणीत काढलं. पाणी असेल तर ते खाली बसतं, वर निळसर पेट्रोल राहतं आणि दोन्हींच्या मध्ये स्पष्ट रेघ दिसते. नियमाने तूही ते बघायचं असतं. पण तू कधी बघितलंस? ताईने बघितलंय ना, मग झालं, असं म्हणून मोकळी व्हायचीस.

बरणी हातात होती आणि कुंपणापाशी मला बाबा दिसले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कॅमेरा. रुमालाने चष्मा पुसत होते की डोळे, कळेना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनात आलं, हिची आजची फेरी रद्द होऊ दे. मग बरणीकडे ओझरतं बघितलं. रेघ नव्हती. स्वच्छ आहे, म्हणून तुला ओरडून सांगितलं आणि बरणी हँगरच्या खिडकीत ठेवून दिली.

रेघ असणार कुठून? बरणीभर नुसतं पाणीच होतं. रंग बघायचा, वास घ्यायचा, हे नव्या मुलांकडून मीच घोकून घेते. नीट बघितलं असतं तर फेरी रद्दच झाली असती, म्हणजे माझ्याच मनासारखं झालं असतं. मला धड हेवासुद्धा करता आला नाही.

नळ्यांमध्ये उरलेल्या पेट्रोलवर तू धावपट्टी सोडलीस, आणि झाडांच्या जरा वर गेल्यावर इंजिन बंद पडलं. माझ्या नापास कानाला ते सगळ्यांच्या आधी कळलं. नांगरलेल्या शेतात तू ते कसं उतरवलंस, तुझं तुलाच ठाऊक. विमानाचं नाक मोडलं, तुझा पाय मोडला, पण तू जिवंत बाहेर आलीस. संध्याकाळी मी हँगरमध्ये परत गेले. बरणी खिडकीत तशीच काठोकाठ भरलेली होती. बोट बुडवून हुंगलं. कसलाच वास नाही. मी ती बेसिनमध्ये ओतली आणि विसळून फळीवर ठेवली.

आणि तू काय केलंस? इंधन मी स्वतः तपासलं, ताईचा काही संबंध नाही, असं चौकशीवाल्यांना लिहून दिलंस! माझ्या तोंडाकडे बघून तुला कळलंच असणार. गुरुवारी निकाल आहे. मुख्य प्रशिक्षक म्हणतात, तुला आता पुन्हा उडू देणार नाहीत. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, पोरीने चूक कबूल केली, मन किती मोठं. तुझं आयुष्य पणाला लागलंय आणि तेवढ्यातही मला तुझ्या त्या मोठ्या मनाचा हेवा वाटला. बघ, अजून सुधारले नाही.

आज सकाळी मी चौकशी अधिकाऱ्यांकडे माझा जबाब देऊन आले. बरणीचं, बेसिनचं, सगळं लिहिलं. नोकरी बहुतेक जाईल. लक्ष दुसरीकडे होतं, एवढंच त्यात आहे. कुठे होतं, ते फक्त तुला सांगायचं होतं. आता मला समजवायला फोन करू नकोस आणि पुन्हा मोठेपणाही करू नकोस. सायकल घेतलीस, खाट घेतलीस, स्वेटर घेतलास, बाबाही घेतलेस. पट्टी ठेव. पण ही चूक माझी आहे, चिंगे. ही मी तुला देणार नाही.

तुझीच,
ताई