मुरुडकरणीने सांगितलेला वेढा

डेरा बंदर, आखात, ११ फेब्रुवारी १९६५, गुरुवार
मुंबईच्या आगबोटीने थिएटरची सिनेमाची पेटी आली. बायकांच्या खेळासाठी गाण्यांचा सिनेमा मागवला होता. यांनी उघडून बघितलं तर आत रशियन लढाईचा! दुश्मनाने वेढलेलं शहर, बाहेर बर्फ, आत उपासमार. भाषा रशियन, खाली इंग्रजी अक्षरं. गाणं औषधालाही नाही. शेठनी कपाळावर हात मारला.

१२ फेब्रु., शुक्र.
शेठ म्हणतात, थिएटर बंद ठेवणार नाही, हाच लावू. पण बायकांना समजावणार कोण? त्या दिवशी थिएटरच्या अंगणात पुरुष चालत नाही. हे मशीन चालवतात तेसुद्धा बंद केबिनमध्ये. यांनीच माझं नाव पुढे केलं. "हमारे घर में मॅट्रिक है शेठ, इंग्लिश पढती है." घरी येऊन सांगितलं तेव्हा मी उगाच रागावल्यासारखं केलं. आतून फुलले होते.

मोठे भाऊजी तापले. थिएटरला छप्पर नाही आणि भिंतीला लागून त्यांचं कापडाचं दुकान. माझ्याशी ते थेट बोलत नाहीत, समोर बसले तरी यांच्यामार्फत. "हिला सांग, आपल्या घरच्या बायकांचा आवाज बाजारात जात नाही. खलास."
हे मला एवढंच म्हणाले, "तुझं तू ठरव."
सोपं आहे म्हणायला. यांना इथे आणलं, कामाला लावलं ते भाऊजींनीच. ते तुटले तर या मुलखात आपलं म्हणायला कोण?

१४ फेब्रु., रवि.
यांनी केबिनच्या भिंतीवर सिनेमा चालवून दाखवला, चित्र ताटाएवढं. वेढ्याला हिंदीत घेरा म्हणायचं ठरलं. शाळेत जेवढे वेढे शिकलो ते सगळे घालणाऱ्यांच्या बाजूने. आतले काय खात होते ते मास्तरांनी कधी सांगितलं नाही. पण मी मुरुडची, आईचं माहेर जंजिऱ्यातलं. आत टिकून राहणं म्हणजे काय हे मला रशियनांनी शिकवायला नको.
बोलणार.
भाऊजी आज जेवायला आले नाहीत. त्यांच्या वाटणीची सुरमई तशीच राहिली.

१५ फेब्रु., सोम.
झालं! पडद्याजवळ माइक धरून बसले, पहिल्या रिळाला आवाज चिरका. एक बाई ओरडली, "गाना किधर है?" मग ती आई पावाचा तुकडा कापते. तळहाताएवढा, दिवसभराचा. तो मुलीला देते आणि स्वतः गरम पाणी पिते. मी खालची अक्षरं वाचायची सोडून दिली. "इसने झूठ बोला के मैं खा चुकी," एवढंच म्हटलं.
आमच्या शेजारची अरब बाई उम्म सैफ, तिला कोणीतरी अरबीत सांगत होतं. ती उठून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, त्याच महायुद्धात इथेही तांदूळ येईना, आम्ही टोळ भाजून खाल्ले, माझ्या आईनेही असंच खोटं सांगितलं. मोडकी हिंदी, पण कळली.
शेवटी मुलगी गोठलेल्या तळ्यावरून लॉरीतून निघते तेव्हा सगळ्या बायका, "यल्ला, यल्ला!" चल, चल म्हणत लॉरीला ढकलत असल्यासारख्या.
निघताना बायकांनी माझे हात धरले. मला माझा अभिमान वाटला. बोलून दाखवता येत नाही, म्हणून इथे लिहिते. यांच्या डोळ्यांत पाणी. विचारलं तर म्हणे मशीनची उष्णता.

१७ फेब्रु., बुध.
भिंतीबाहेर हमाल, दुकानदार, नाखवे ओट्यांवर बसून ऐकत होते म्हणे. आता शेठ म्हणतात, उद्या पुरुषांच्या खेळालाही केबिनमधून मीच बोलायचं. हे खूश. मला वाटलं, आता भाऊजी कायमचे तुटले.

संध्याकाळी तेच आले. बसले. मी चहा ठेवला. बराच वेळ दोघा भावांचं कापडाच्या दरांबद्दल चाललं होतं. मग यांना म्हणाले,
"मी रात्रीच्या इशाच्या नमाजाला उठलो, पुढचं राहिलं. हिला विचार, ती पोरगी बर्फावरून पार गेली काय?"
यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर सावरला.
"भाऊजींना सांगा, उद्या माइकवर कळेल."
भाऊजींनी कप पुढे सरकवला, आणखी चहासाठी.