शमुवेलसाठी घंटा

नाशिक, शनिवार संध्याकाळ, नोव्हेंबर १९७८

अंबडला काम विचारायला निघालो होतो, ते राहूनच गेलं. वाटेत कळलं, शमुवेल गेला. दारूनंच गेला. आमच्यात कोणी वारलं की चर्चची घंटा वाजवतात. घंटावाला गावाला गेलाय, म्हणून सध्या दोरी माझ्याकडे.

दोरी धरली, तर मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या पंचांतले, दाऊदकाका आडवे आले. "नको वाजवू."

शमुवेल त्यांचा सख्खा भाऊ. माझं डोकंच फिरलं. "काका, न्याय करायला देव बसलाय ना? तुम्हाला कसली घाई?" मनात म्हटलं, देवापुढे या काकांची काही धडगत नाही.

काका पायरीवर बसले. "गेल्या साली रूथबाईचा पोरगा असाच पिऊन मेला. तेव्हा मी घंटा वाजवू दिली नाही. आता भावासाठी कोणत्या तोंडानं वाजव म्हणू?"

आत्ताच त्यांचा निकाल लावून मोकळा झालो होतो की मी. मग दोरी सोडायची? पण शमुवेलची बायको घरी घंटेकडे कान लावून बसली असेल. ओढली. काका थांब म्हणाले नाहीत.

समोरच्या चाळीतून रूथबाई बाहेर आली. "कोण गेलं रे?"

काका उठले, टोपी काढली आणि सांगायला स्वतःच तिच्या दाराकडे निघाले.

देवापुढे उभं राहणं याहून अवघड असेल का?